दहा सिटिंगमध्ये ‘हलणारे डोळे’ बरे? सोलापुरात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, गड्ड्याच्या जत्रेचे फोटो टाकायला काढलेल्या ग्रुपवरही आला. मेसेजचं म्हणणं असं: ज्यांचे डोळे आपोआप हलतात, लवतात, नजर ठरत नाही, त्यांना ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून करायच्या उपचाराच्या, दहा सिटिंगमध्ये कायमचा गुण येतो. ही विद्या आपल्या डॉ. कोटणीसांनी चीनमधून आणली. जागतिक आरोग्य संघटनेची आणि सरकारची तिला मान्यता आहे, चीनमध्ये संशोधनाने ती सिद्ध झाली आहे आणि साइड इफेक्ट शून्य. सोबत एका मुलाचा ‘आधी-नंतर’ व्हिडिओ. माझं काम डोळे तपासण्याचं, त्यामुळे लोक मोबाइल पुढे करून विचारतात, ‘ताई, न्यावं का पोराला?’

कोटणीसांपासूनच सुरू करते, कारण ते नाव दिसलं की सोलापूरकर पुढचं तपासत नाही. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये इथे जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते सर्जन होते. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले, अवघ्या 32 व्या वर्षी. जो माणूस परत आलाच नाही, त्याने विद्या आणली कधी? भारतात ॲक्युपंक्चर रुजवलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, तेही कोलकात्यात आणि बऱ्याच वर्षांनी. कोटणीसांचं मोठेपण त्यांच्या शस्त्रक्रियेच्या टेबलाशी आहे. त्यांच्या नावावर सुया विकू नयेत.

आता ‘डोळे हलणं’. मेसेजने तीन वेगळे आजार एका पिशवीत कोंबलेत. पापणी फडफडते, ज्याला आपण डोळा लवणं म्हणतो, ते बहुतेक वेळा जागरण, ताण, जास्तीचा चहा-कॉफी यांमुळे असतं आणि आपोआप थांबतं. (उजवा लवला की डावा, यावर शुभ-अशुभ ठरवायचं तर खुशाल ठरवा.) दोन्ही पापण्या आवळून मिटतात आणि उघडता उघडत नाहीत, तो ब्लेफरोस्पाझम, त्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन हा रुळलेला उपचार आहे. आणि बुबुळच डावीकडे-उजवीकडे किंवा खाली-वर एका लयीत हलत राहतं, ते निस्टॅग्मस. पापणीच्या लवण्याला तर दहा सिटिंग होईपर्यंत तसंही बरं वाटणारच.

निस्टॅग्मसमध्येही जन्मापासूनचा वेगळा आणि मोठेपणी झालेला वेगळा. पहिला बहुधा बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना दिसतो. त्यामागे अल्बिनिझम, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्य कमी असणं (कोड वेगळं), असू शकतो, जन्मजात मोतीबिंदू, पडद्याचा किंवा डोळ्याच्या नसेचा आजार असू शकतो. काहींच्या घराण्यात एफआरएमडी7 या जनुकातला दोष असतो. कारण मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनला प्रत्येक आठवडा मोलाचा. पडदाच अधू असेल तर भुवईत सुई टोचून तो सुधारणार कसा, हे मेसेजवाल्यांनी सांगावं.

मोठ्या माणसाचे डोळे अचानक असे हलायला लागले, जग थरथरताना दिसायला लागलं, तर गोष्ट आणखी गंभीर. फेनिटॉइनसारख्या फिट्सच्या गोळ्यांचा डोस जास्त होणं, कानातला बिघाड, मेंदूत पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार, यातलं काहीही असू शकतं. सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, तोल जाणं असेल तर सिटिंगची तारीख घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे तास मोजले जातात.

‘जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता’ हे वाक्य ॲक्युपंक्चरच्या प्रत्येक शिबिराच्या पत्रकावर असतं. त्याचा उगम बहुधा ॲक्युपंक्चर कुठल्या आजारांत वापरता येईल, याच्या संघटनेच्या 1979 च्या यादीत आहे. त्या यादीत डोळे येणं, लहान मुलांचा मायोपिया (लांबचं धूसर दिसणं), अगदी साधा मोतीबिंदूही होता, पण निस्टॅग्मस नव्हता. शिवाय ती यादी वैद्यांच्या अनुभवावर आहे, नियंत्रित चाचण्यांवर असेलच असं नाही, हे तिथेच लिहिलं होतं. मोतीबिंदू सुयांनी उतरवायला आज कोणी जात नाही, हे बरंच झालं. सरकारी मान्यतेचं म्हणाल तर महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी कायदा आहे, हे खरं. नोंदणीने सुई कोणी टोचावी ते ठरतं. कुठला आजार बरा होतो, ते नाही.

संशोधनाचं प्रकरण जरा रंजक आहे. चीनमधला एक अभ्यास खरंच आहे: 2010 मध्ये छापलेला, 7 ते 12 वर्षांच्या 88 मुलांवरचा. पण तो आळशी डोळ्यावर होता, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातल्या फरकामुळे एका डोळ्याने कमी दिसण्यावर. निस्टॅग्मसशी त्याचा संबंध नाही.

निस्टॅग्मसवरही एक अभ्यास आहे, आणि तो मी लपवणार नाही. 1998 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थाल्मॉलॉजी’त आला. जन्मजात निस्टॅग्मस असलेल्या सहा जणांच्या मानेत, कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूत सुया घातल्या आणि यंत्राने डोळ्यांची हालचाल मोजली. चौघांची नजर वस्तूवर जरा जास्त वेळ टिकली. मानेच्या स्नायूंकडून मेंदूला जाणाऱ्या संदेशांचा डोळ्यांवर परिणाम होत असावा, असा तो विचार. तो मला पटण्याजोगाही वाटतो. पण माणसं सहाच, आणि मोजणी सुया घातल्या त्या वेळची. यावरून ‘दहा सिटिंग, कायमचा गुण’ कुठून काढलं?

मग व्हिडिओतला मुलगा? तो पुन्हा नीट बघा. ‘आधी’मध्ये तो सरळ कॅमेऱ्यात बघतोय. ‘नंतर’मध्ये मान किंचित वळलेली आहे आणि नजर कोपऱ्यात. निस्टॅग्मसच्या बऱ्याच मुलांना एक दिशा अशी सापडते की तिकडे बघताना डोळे सगळ्यात कमी हलतात. आम्ही तिला नल पॉइंट म्हणतो. मूल स्वतःच मान वाकडी करून ती दिशा धरतं. शिवाय ताण आला की डोळे जास्त हलतात, शांत पडलं की कमी. वीस मिनिटं पंख्याखाली झोपवून व्हिडिओ काढला तरी फरक दिसेल. आणि स्पाझमस न्यूटन्स नावाचा प्रकार, ज्यात बाळाचे डोळे हलतात, डोकंही डुलतं, तो काही वर्षांत आपसूक जातो. तेव्हा सुया चालू असतील तर श्रेय सुयांना. मात्र डोळ्याच्या नसेवरची गाठही हुबेहूब तशीच दिसू शकते, म्हणून अशा बाळाची एमआरआय तपासणी करावी लागते.

‘साइड इफेक्ट शून्य’ हेही खोटं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी आणि खोबणीच्या कडेला ॲक्युपंक्चरचे बिंदू आहेत. तिथे सुई डोळ्याच्या गोळ्यात घुसल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. हलणाऱ्या डोळ्याजवळ, चुळबुळणाऱ्या पोराला सुई टोचायची म्हणजे धाडसच.

पालक चिडून विचारतात, ‘मग काही उपायच नाही का?’ पूर्ण थांबवणारा नाही. चष्म्याचा नंबर अचूक काढणं हा पहिला आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. अल्बिनिझममध्ये रंगीत काचा, काहींना कॉन्टॅक्ट लेन्स. गॅबापेन्टिन, मेमँटिन या औषधांनी काहींची नजर थोडी सुधारते. ती न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखालीच घ्यायची. मान फारच वाकडी होत असेल तर डोळ्यांच्या स्नायूंची जागा बदलून ती शांत दिशा समोर आणणारी शस्त्रक्रिया 1953 पासून होते आहे. दृष्टी कायद्याच्या मर्यादेत बसत असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, परीक्षेला जादा वेळ मिळतो.

आणि शाळेत जाऊन बाईंना एवढं सांगा: हा मान वाकडी करतो तेव्हा ‘सरळ बस’ म्हणून ओरडू नका, पुस्तक नाकाशी धरलं तरी धरू द्या. मान उजवीकडे वळवून डावीकडे बघणाऱ्या मुलाला वर्गाच्या उजव्या बाजूला, पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे फळा आपोआप त्याच्या डावीकडे येतो.