दीड तोळ्याचं घुबड

प्राचीन ग्रीक चांदीची नाणी जमवणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "खरं आहे का हो?" पाहुणे विचारतात, विमावाले विचारतात, बायको तर नुसती बघून विचारते. बागेत गुलाब लावणाऱ्यांना हा जाच नाही.

माझ्या संग्रहातला मानकरी म्हणजे अथेन्सचं चार द्राख्मांचं नाणं. (द्राख्मा म्हणजे तिथला तेव्हाचा रुपया म्हणा.) वजन १७ ग्रॅमच्या वर, म्हणजे जवळजवळ दीड तोळा. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी. दुसऱ्या बाजूला तिचं घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि तीन ग्रीक अक्षरं. शिवाय घुबडाच्या अंगावर छिनीचा एक खोल घाव. आत तांबं-शिसं तर नाही ना, हे बघायला त्या काळच्या कुणा संशयी माणसानं तो घातलेला. घाव असला की लिलावात भाव पडतो, म्हणून तर असलं नाणं पगारदार माणसाच्या हाती लागतं. मला विचाराल तर यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र नाही. पार आतपर्यंत चांदी आहे, डोळ्यांनी दिसते. पण पाहुणे हळहळतात, "अरेरे, डागी मिळालं का? बदलून नाही देत?"

लंडनला आमच्याकडे सासूबाई नाशिकहून आल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी उत्साहानं डबी उघडली.

"घुबड?" त्या म्हणाल्या. "घरात? आणि पैसे मोजून?"

"आई, तो अथीनाचा पक्षी आहे. बुद्धीची देवता."

"मग तिच्याकडेच राहू द्यायचा."

मी हार मानली नाही. सांगायला लागलो, इ.स.पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सच्या लाव्रिओन खाणीत चांदीचं मोठं घबाड लागलं. माणशी दहा-दहा द्राख्मे वाटून टाकायचं जवळपास ठरलं होतं. तेवढ्यात थेमिस्टोक्लीस नावाचा पुढारी उठला आणि म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस २०० जहाजांचा आकडा देतो. तीन वर्षांत सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणच्या बादशहाच्या आरमाराचा धुव्वा उडाला. (शिल्लक रकमेचं काय करायचं यावर आमच्या इथल्या मंडळाची सभा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना थेमिस्टोक्लीसची खरी लढाई कोणती ते सांगायला नको.)

सासूबाई मेथी निवडता निवडता ऐकत होत्या. म्हणाल्या, "तेव्हा चार द्राख्मांना काय यायचं?"

"कसबी कारागिराचा रोज एक द्राख्मा होता. म्हणजे चार दिवसांची मजुरी."

"आणि तुम्ही किती दिवसांची घातलीत?"

बायकोनं फोन खाली ठेवला. मी डबी बंद केली.

तसं पाहिलं तर मोठ्या नाण्याचा ताप परवडतो. ते हातात धरता येतं. जीव जातो तो बारीक नाण्यांपायी. एका द्राख्म्याचे सहा ओबोल, एक ओबोल जेमतेम पाऊण ग्रॅम. त्याचेही पुन्हा तुकडे पाडून पाव ओबोल काढणारे हे लोक! पाव ओबोल २०० मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि त्यावरही चित्र कोरलेलं. भिंग हातात घ्यावं, श्वास रोखावा, आणि नेमकी तेव्हाच शिंक यावी. मग घरातल्या सगळ्यांनी पाय वर घेऊन बसायचं, मी टॉर्च घेऊन गालिच्यावर आडवा. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करून चाळण्यात माझे कितीतरी रविवार गेले आहेत. ते नाणं सापडतं, पण शेजारी दोन वर्षांपूर्वी हरवलेली बायकोची कानातली फिरकीही सापडते. कौतुक फिरकीचं होतं.

अथेन्सच्या लोकांनी यावर सोपा तोडगा काढला होता. अंगरख्याला खिसे नव्हते, तेव्हा सुटे पैसे गालात धरायचे. त्यातही फसवणूक. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२२ च्या नाटकात एक म्हातारा पंच आहे. न्यायसभेत बसल्याचे त्याला दिवसाला तीन ओबोल मिळत. एकदा त्याला आणि सोबत्याला मिळून अख्खा एक द्राख्मा मिळाला. सोबती मासळीबाजारात सुटे करायला गेला आणि म्हाताऱ्याच्या हातावर बोय माशाचे तीन खवले ठेवून मोकळा झाला. म्हाताऱ्यानं ओबोल समजून गालात टाकले, वास आला तेव्हा थुंकले. वर सोबती त्यालाच हसला, म्हणे तुझं पोट कोंबड्याचं, चांदीसुद्धा पचवशील! हे वाचल्यापासून माझा अपमान मला फारसा लागत नाही.

पुढे अथेन्सनं याचा कायद्यानं बंदोबस्त केला. इ.स.पू. ३७५ च्या आसपासचा हा कायदा दगडावर कोरलेला आहे आणि तो दगड १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत सापडला. पेढीवाल्यांच्या मेजांमध्ये सरकारी गुलाम बसायचा, नाणी पारखायला. आत तांबं किंवा शिसं निघालं की जागच्या जागी छिनीनं तोडायचं आणि देवांच्या मातेला वाहून टाकायचं. पारखी कामावर बसला नाही तर त्याला ५० फटके. आणि माझं सगळ्यात आवडतं कलम पुढेच आहे. त्यानं पसंत केलेलं नाणं एखाद्या दुकानदारानं नाकारलं, तर त्याचा त्या दिवसाचा सगळा माल जप्त!

असा पारखी विमा कंपनीत हवा होता. तिथल्या बाईंना 'वस्तूच्या उत्पादनाचं वर्ष' हवं होतं. मी ४३० सांगितलं. संगणकाला चार आकडे हवे होते. मी म्हटलं, हे इसवी सनापूर्वीचं आहे, वर्ष उलटं मोजतात. पलीकडे शांतता. मग बाईंनी समजूतदारपणे विचारलं, "१९७० टाकू का?" आता कागदोपत्री माझं घुबड माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

सासूबाईंचं मन मात्र वळलं, तेही नाशिकमुळे. एका संध्याकाळी मी त्यांना नाशिकजवळच्या जोगळटेंभीची गोष्ट सांगितली. तिथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यावर राजाचा चेहरा आणि भोवती चक्क ग्रीक अक्षरं. वायव्येकडच्या ग्रीक राजांची ही रीत क्षत्रपांनी उचलली आणि ती पार गोदावरीपर्यंत आली.

"आमच्या जोगळटेंभीला?" त्यांचे हात थांबले.

"हो. आणि गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवल्यावर त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर स्वतःचा शिक्का मारला. नहपानाच्या तोंडावरच."

"बरं केलं," सासूबाई म्हणाल्या, जणू नहपानानं त्यांचंच काही घेतलं होतं. मग म्हणाल्या, "आणा ते घुबड इकडे." चष्मा पुसून त्यांनी ते नीट पाहिलं. घावात नख घालून पाहिलं. अथेन्सचा कायदा पुन्हा एकदा सांगायला लावला, विशेषतः जप्तीचं कलम.

परवा मंडळातले एक गृहस्थ आले होते. चकलीचा तुकडा मोडत त्यांनी नाणं दिव्यापुढे धरलं. "खरं आहे का हो?"

"पारखलेलं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कोणी पारखलं?"

"मी."

"तसं नव्हे काकू, पण हल्ली इतकी हुबेहूब बनवतात..."

सासूबाईंनी त्यांच्या पुढ्यातली चकल्यांची बशी उचलली आणि आत नेली. चहा यायचा होता, तोही आला नाही.