मेरी कॅसॅटची ‘अपुरी हौस’ म्हणे

परत तोच फॉरवर्ड आला. मेरी कॅसॅट या अमेरिकन चित्रकार बाईचं आई-बाळाचं चित्र आणि खाली, "हिला स्वतःचं मूल नव्हतं, ती ओढ तिने आयुष्यभर रंगात ओतली, म्हणूनच यात इतकी माया आहे." लग्न केलं नाही, मूल नव्हतं, हे खरं. बाकी एकेक बघू.

"आयुष्यभर" म्हणे. 1879 मध्ये ही पेनसिल्व्हेनियाची मुलगी पॅरिसला इम्प्रेशनिस्ट (क्षणाचा उजेड पकडणाऱ्या) चित्रकारांबरोबर प्रदर्शनात आली तेव्हा काय काढत होती? थिएटरात दुर्बीण लावून बसलेली बाई, पेपर वाचणारी स्वतःची म्हातारी आई, असलं सगळं. आई-बाळ 1880 पासून दिसायला लागतं आणि खरा जोर धरतो तो 1890 नंतर, म्हणजे बाई पंचेचाळिशी ओलांडल्यावर.

आता ती "ओढ". 1890 ला पॅरिसमध्ये जपानी प्रिंट्सचं (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचं) मोठं प्रदर्शन भरलं, ते बघून ही वेडी झाली आणि पुढच्याच वर्षी स्वतःचे दहा रंगीत प्रिंट काढले. त्या दहांपैकी बाळ चारांतच आहे, बाकीच्यांत पाकीट चिकटवणारी, केस बांधणारी, ड्रेस फिटिंगला उभी राहिलेली अशा बायका, आणि त्या चारांतही बसमधल्या चित्रात बाळ सांभाळणाऱ्या बाईच्या मांडीवर आहे, मालकीणबाई भलतीकडेच बघतायत! मग 1893 चं ‘द चाइल्ड्स बाथ’ बघा, शिकागोला आहे ते. वरून खाली बघितल्यासारखा अँगल, बाईच्या कपड्यावरचे पट्टे, कोपऱ्यात पाण्याचा जग, पोरीचा पाय पाण्यात, आणि दोघींची नजर एकमेकींकडे नाहीच, घमेल्यातल्या पाण्याकडे आहे. पोरीचे पाय धुणं हे एक काम आहे आणि ते काम नीट चाललंय, एवढंच. हे बघून डोळ्यात पाणी येत असेल तर ते तुमचं.

बरं, चित्रातल्या त्या खऱ्या मायलेकी असतात हेही दर वेळी खरं नाही. 1900 च्या ‘यंग मदर सोइंग’ला एकमेकींशी काही नातं नसलेल्या दोन मॉडेल बसवल्या होत्या. ते चित्र विकत घेणाऱ्या बाईंना मात्र त्यात हुबेहूब आई आणि मुलगी दिसली.

आणि चित्रकार देगासनं एवढ्या इस्त्री करणाऱ्या बायका काढल्या, लग्न त्यानेही केलं नव्हतं, त्याला इस्त्रीची अपुरी हौस होती असं कुणी लिहीत नाही ते?

शेवटचं, "पोरंबाळं असती तर चित्रं झाली नसती" असंही म्हणतात. लिली मार्टिन स्पेन्सर या अमेरिकन चित्रकार बाईचं नाव ऐकलंय? तेरा बाळंतपणं, सात मुलं जगली, घर तिच्या चित्रांवर चालायचं आणि नवरा स्वतःचं काम सोडून घरचं बघायचा. तिचं 1866 चं चित्र आहे, नुकत्याच संपलेल्या अमेरिकन सिव्हिल वॉरचे दिवस दाखवणारं. पोरं भांडी बडवत घरात परेड करतायत, बाळ मांडीवर आडवंतिडवं पसरलंय आणि आई युद्धाच्या बातम्या वाचतेय, बाळाकडे बघत पण नाही.