खुलासा: सिझेरियनच्या ‘पॅकेज’मध्ये सगळा खर्च येत नाही

‘सिझेरियनचं पॅकेज ठरलं की पुढे एक पैसाही लागत नाही, आणि विमा असेल तर तेवढाही नाही’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. हे खरं नाही, आणि यावर विसंबलेली कुटुंबं ऐन वेळी अडचणीत येतात.

पॅकेजमध्ये साधारणपणे शस्त्रक्रिया, ऑपरेशन थिएटर आणि ठरावीक दिवसांची खोली धरलेली असते. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधं, रक्त, वाढीव मुक्काम यांचा हिशेब अनेकदा वेगळा असतो. सगळ्यात मोठा फरक पडतो तो बाळाला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावं लागलं तर. तिथलं बिल बहुतेक वेळा बाळाच्या नावावर, रोजच्या दराने चढतं. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी केलेल्या नियोजित सिझेरियनमध्ये बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून वैद्यकीय कारण नसताना केवळ मुहूर्तासाठी तारीख अलीकडे ओढू नका, ही माझी कळकळीची विनंती.

विम्याचंही तसंच. बऱ्याच पॉलिसींमध्ये प्रसूतीसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, तो संपेपर्यंत प्रसूतीचा खर्च मिळत नाही; म्हणजे दिवस राहिल्यावर काढलेली पॉलिसी उपयोगी पडेलच असं नाही. शिवाय प्रसूतीच्या रकमेला वेगळी मर्यादा असू शकते. नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हेही आताच विचारून घ्या.

नॉर्मल प्रसूती ठरली असली तरी सिझेरियनचा अंदाज लेखी मागा. हा निर्णय कळा सुरू झाल्यावरही घ्यावा लागतो, आणि तेव्हा दर विचारायला कुणाला उसंत नसते.