बाळ्याची हिरवी टिक

पेपरातली रॅन्समवेअरची (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची) बातमी वाचून होण्याआधीच बाळ्याने निकाल देऊन टाकला. "अँटीव्हायरस टाकायचा, विषय संपला. माझ्याकडे चार वर्षं हिरवी टिक आहे."

"तीच टिक लावून येतात ते हल्लेखोर," मनीषा म्हणाली. (रात्रपाळी, सर्व्हर सांभाळते, बाळ्या फक्त मतं सांभाळतो.) "कासेयावरचा हल्ला आठवतो? कंपन्यांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळायचं सॉफ्टवेअर ते. २ जुलै २०२१, अमेरिकेतल्या लाँग वीकेंडच्या तोंडावर. रेव्हिल नावाच्या खंडणीखोर टोळीने मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटीव्हायरसचीच फाइल आणली. अस्सल, कंपनीच्या सहीची, फक्त जुनी. ती सुरू झाली की शेजारी ठेवलेली एक ठरावीक नावाची फाइल न तपासता उचलायची. त्या नावाने शेजारी कोण बसलं असेल?"

"व्हायरस."

"शाब्बास. वॉचमन खरा, डबा बदललेला."

"मग अँटीव्हायरस काय झोपला होता?"

"झोपवलेला. आमचे फोल्डर स्कॅनमधून वगळा, हे कासेयाच्याच सूचनांत होतं. त्याच हल्ल्यात तिकडे स्वीडनमध्ये कोऑप या किराणा साखळीच्या दुकानांतले गल्ले चालेनात, शेकडो दुकानं बंद."

"स्वीडनवाले भोळे."

"आणि २०२० मधलं ते एक्सपीचं काय होतं गं?" गण्याने विचारलं.

"रॅग्नार लॉकर, तेही रॅन्समवेअरच. व्हायरस जेमतेम ४९ केबीचा, पण तो लपवायला अख्खा विंडोज एक्सपी आणला, २८२ एमबीचा. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नकली कॉम्प्युटरच्या, आत बसून बाहेरच्या फायलींना कुलूप. अँटीव्हायरसला दिसतं काय, तर व्हर्च्युअलबॉक्स नावाचा सभ्य प्रोग्राम फायली लिहितोय."

"४९ साठी २८२! बाळ्याची गोव्याची बॅग."

"ती बॅग हिची होती!"

"आणि टोलचे साडेतीनशे?"

"तेव्हा सुट्टे नव्हते."

"सहा वर्षं झाली. आता तरी सुटले असतील."

"तू बोलू नकोस हं गण्या. पम्याच्या लग्नात फेटा बांधून दोन्ही पंगतींना बसलास. मुलीकडच्यांना वाटलं वरपक्षाचा, मुलाकडच्यांना वाटलं वधूपक्षाचा."

"मला सह्याशिक्क्याची अडचण कधीच आली नाही," गण्या म्हणाला.

तेवढ्यात मनीषाने बाळ्याचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला. थोडा वेळ गप्पच.

"बाळ्या, ही टिक वनड्राइव्हची आहे, फायली ऑनलाइन साठवणाऱ्या सेवेची. फाइल सिंक झाली, एवढाच तिचा अर्थ."

"मग अँटीव्हायरस?"

"तो खाली कोपऱ्यात. लाल फुलीवाला."

गण्याचा चहा नाकातून आला. बाळ्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. टोलचे नाहीच.