होयकी, बुवा आणि सॅम बहादूर: टोपणनावांच्या मेसेजला एका माजी हवालदाराचं उत्तर

आर्मी डे जवळ आला की आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो मला बेळगावातल्या तीन ग्रुपवरून आला, चंदगडच्या मेव्हण्याकडून आला आणि फौजेशी कधी संबंध न आलेल्या आमच्या दूधवाल्याकडूनही आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. फौजेत टोपणनाव फुकट मिळत नाही, रणांगणावरच्या पराक्रमासाठीच मिळतं. ते कमांडिंग साहेब देतात आणि सर्व्हिस रेकॉर्डला त्याची नोंद होते. माणेकशांना १९७१ चं युद्ध जिंकल्याबद्दल ‘सॅम बहादूर’ हा किताब मिळाला. मराठा शिपायाला ‘गणपत’ आणि आमच्या एका पलटणीला ‘काळी पाचवी’ ही नावं मात्र इंग्रजांनी आम्हाला हिणवायला ठेवली. आणि आताच्या अग्निवीरांच्या, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या पोरांच्या, नशिबी असलं नाव नाहीच. खाली तिरंगा, जोडलेले हात, आणि खरा देशभक्त असशील तर पुढे पाठव अशी तंबी.

मी चोवीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली. देशभक्तीचं माझं मी बघून घेईन. मेसेज पुढे पाठवला नाही, कारण त्यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी पराक्रमाचं बघू. माझं फौजेतलं नाव ‘होयकी’. ते कुठल्या रणांगणावर मिळालं म्हणाल तर ड्रिलच्या मैदानावर, भरती होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता तेव्हा. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला. आमच्याकडे कुणी काही विचारलं की ‘होय की’, ‘नाही की’, ‘आलो की’ असंच तोंडात येतं. त्यात ना उर्मटपणा, ना जोर, ती आमची बोलायची लकब. ड्रिल शिकवणारे उस्ताद साताऱ्याकडचे. काहीतरी समजावून त्यांनी विचारलं, ‘समझ में आया?’ सगळी प्लाटून ओरडली ‘जी उस्ताद’, आणि मी एकटाच म्हणालो, ‘होय की!’

उस्ताद माझ्याजवळ आले. ‘होय की काय? होय की नाही? नीट सांग.’

मी पुन्हा म्हणालो, ‘होय की.’

रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या सुरू झाल्या. चौथ्या फेरीला त्यांनी विचारलं, ‘अजून एक मारणार?’ आणि आईची शपथ, तोंडातून तेच निघालं. शेवटी उस्तादांनाच हसू आवरेना. संध्याकाळी लंगरच्या रांगेत ताट पुढे केलं तर वाढणाऱ्यानं विचारलं, ‘होयकी, डाळ घेणार?’ झालं बारसं.

माझ्या बॅरकमधली बाकीची नावं घ्या. रत्नागिरीकडचा एक गडी सुट्टीवरून येताना पिशवीभर सुकट घेऊन आला, वास आठ दिवस गेला नाही. तो निवृत्त होईपर्यंत ‘सुकट’. एकाच्या हातून रायफल साफ करताना स्प्रिंग उडाली आणि ती शोधायला अख्खी सेक्शन गवतात रांगली. तो ‘स्प्रिंग’. पंढरीची माळ घालणारा एक होता. मटण नाही, रम नाही, बडाखान्यातसुद्धा वरणभात. तो अर्थातच ‘बुवा’. त्याच्या वाट्याच्या रमवर कुणाचा हक्क यावरून झालेली भांडणं हा वेगळा विषय आहे.

धाडसातून आलेलं नाव मी एकच जवळून पाहिलं. काश्मीरमधल्या एका पोस्टवर रात्रभर फायरिंग चालू होतं आणि पुढच्या मोर्च्यातल्या चौघांच्या पोटात दुपारपासून काही नव्हतं. आमचा एक लान्स नायक चहा घेऊन सरपटत त्यांच्यापर्यंत गेला. परतताना किटलीचं झाकण हरवलं, आणि सामानाचा हिशेब ठेवणाऱ्या क्वार्टर मास्टरला काय सांगायचं याचीच त्याला जास्त काळजी. मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशेबानं त्याला ‘वाघ’ किंवा ‘शेर’ म्हणायला हवं होतं. आम्ही त्याला ‘झाकण’ म्हणायचो. त्या रात्री तो गेला नसता तर काय झालं असतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते तोंडावर बोलायची पद्धत आमच्यात नव्हती.

खऱ्या पराक्रमाला काय द्यायचं याची फौजेत वेगळी व्यवस्था आहे. त्याला पदक असतं. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, शिपाई नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला तिथेच सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. आमच्या रेजिमेंटच्या रंगरुटाला ही नावं पाठ असतात, आडनावासकट.

घोटाळा कुठून झाला तेही सांगतो. आपल्याकडे किताबाची परंपरा आहे. कुडतोजी गुजरांना ‘प्रतापराव’ आणि हंसाजी मोहित्यांना ‘हंबीरराव’ हे शिवाजी महाराजांनी दिलेले किताब. प्रतापराव जिथे सहा स्वारांसह पडले ती नेसरी आमच्या भागातून एसटीनं उठून जाण्याच्या अंतरावर. लहानपणापासून हेच ऐकत आल्यामुळे शूराला राजा नाव देतो हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण किताब वरून येतो आणि दरबारात येतो. टोपणनाव शेजारच्या चारपाईवरून येतं. प्रतापरावांच्या घोड्याजवळ झोपणारे स्वार त्यांना पाठीमागे काय म्हणत असतील, हे कुठल्याही बखरीत सापडायचं नाही.

आता साहेबानं नाव ठेवायचं आणि रेकॉर्डला चढवायचं, हे. आमच्या प्लाटूनमध्ये पाच पाटील होते. तीन जाधव, दोन चव्हाण. त्यातही दोन पाटलांचं पहिलं नावसुद्धा एकच. अशा वेळी फौज काय करते? आर्मी नंबरचे शेवटचे आकडे पुढे लावते. रोलकॉलला हाक यायची ती ‘सत्तावीस पाटील’, ‘एकोणसाठ पाटील’ अशी. गोरखा पलटणींतसुद्धा हेच चालतं, तिथे थापा आणि गुरुंग एवढे की नंबराशिवाय माणूस सापडत नाही. रेकॉर्डला जर काही चढत असेल तर तो हा नंबर. टोपणनाव त्या नंबराचा कंटाळा आल्यावर सुरू होतं. अंधारात, धावताना, शिव्या देताना ‘एकोणसाठ’ कोण म्हणत बसणार? कागदावर ते कुठेही नसतं. साहेब लोकांना अर्धी नावं माहीत नसतात, माहीत असली तरी त्यांनी ती उच्चारायची नाहीत असा न लिहिलेला कायदा असतो. आणि तोच मनुष्य नायब सुभेदार झाला की नाव एका दिवसात जमिनीखाली जातं. समोर ‘राम राम साहेब’, पाठ फिरली की पुन्हा ‘स्प्रिंग’.

बुवा गेला तेव्हाची गोष्ट सांगतो. निवृत्तीनंतर तो चंदगड भागातल्या आपल्या गावी शेती करत होता. बातमी फोनवरून फिरली, बाराव्याला आम्ही सहाजण जीप करून गेलो. गावात शिरताना रस्त्याला श्रद्धांजलीचा बॅनर होता, त्याच्याकडे कुणी नीट बघितलं नाही. पारावर विचारलं, ‘बुवांचं घर कुठलं?’ पारावरचे लोक आम्हाला विठ्ठल मंदिराच्या पुजाऱ्याकडे घेऊन निघाले. मग सांगितलं, फौजी होता हो. ‘मग मेजर म्हणा की.’ आमच्या इकडे पेन्शनवर आलेला प्रत्येक जण मेजर असतो, शिपाई म्हणून निवृत्त झाला असला तरी. कुठला मेजर? त्या गावात अकरा मेजर. नाव काय? आम्ही एकमेकांची तोंडं बघू लागलो. आडनाव पाटील हे नक्की. पहिलं नाव सहाजणांपैकी एकालाही पटकन आठवेना. सुकट एकदम म्हणाला, ‘एकोणसाठ.’ नंबर आठवला, नाव नाही. शेवटी मागे फिरून बॅनर वाचला.

माणेकशांबद्दल मेसेज सगळ्यात चुकीचा आहे, आणि गंमत म्हणजे इथे खरी हकिकत मेसेजपेक्षा चांगली आहे. त्यांचा युद्धातला पराक्रम १९४२ चा, ब्रह्मदेशात सितांग नदीजवळचा. पोटात गोळ्या घेऊन पडले, वाचतील असं वाटत नव्हतं. त्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला. १९७१ नंतर पद्मविभूषण आणि जानेवारी १९७३ मध्ये फील्ड मार्शल. ‘बहादूर’ यातल्या कशातच नाही. ८ गोरखा रायफल्सच्या एका जवानाला त्यांनी विचारलं, माझं नाव काय? त्या बिचाऱ्याला ‘माणेकशॉ’ हे पारशी आडनाव आठवलं नाही की जिभेवर बसलं नाही, कोण जाणे. गोरख्यांत बहादूर हे घरोघरचं नाव. त्यानं आपल्या पद्धतीनं जोडून दिलं, ‘सॅम बहादूर’. हे १९७१ च्या आधीचं. म्हणजे लष्करप्रमुखाचं नाव ठेवलं ते एका शिपायानं, आणि तेही अडखळून.

ज्या दिवशी हा मेसेज फिरतो तो १५ जानेवारी कशाचा, हे तरी फिरवणाऱ्यांनी बघायचं होतं. १९४९ साली त्या दिवशी करिअप्पा पहिले भारतीय कमांडर-इन-चीफ झाले. आपल्याच कर्नाटकातल्या कोडगूचे. त्यांचं फौजेतलं नाव ‘किपर’. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बायकोला ‘करिअप्पा’ म्हणता येईना म्हणून तिनं ते सोपं केलं. किपर म्हणजे इंग्रजांच्या न्याहारीतला धुरावलेला मासा. पुढे फील्ड मार्शल झाले तरी नाव माशाचंच. तेव्हा सुकटनं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

‘गणपत’ म्हणजे हिणवणं, हा आरोप मला पटत नाही. त्या काळी मराठा घरांत गणपत हे नाव गल्लीगल्लीत. ब्रिटिश शिपाई जसा ‘टॉमी’ झाला तसा आमचा शिपाई ‘गणपत’ झाला. दुसऱ्या रेजिमेंटचा कुणी ‘क्या गणपत’ म्हणाला तर बेळगावच्या कँटीनमध्ये अजूनही कुणाचं डोकं फिरत नाही. माझं तरी कधी फिरलं नाही.

‘काळी पाचवी’चा रंगाशी जो संबंध मेसेजवाल्यानं लावलाय तो वाचून मात्र राग आला. हे आमच्या दुसऱ्या बटालियनचं नाव. दुसरी असून पाचवी कशी? कारण जुन्या मुंबई लष्करात तिचा नंबर पाच होता. पुढे त्यात शंभर मिळवून १०५ झाला, १९२२ च्या फेररचनेत ती दुसरी झाली, पण लोकांच्या तोंडी पाचवीच राहिली. काळी म्हणतात ती जुन्या वर्दीच्या काळ्या कॉलर-कफांवरून, कातडीवरून नव्हे, असंच आम्हाला जुन्या सुभेदारांनी सांगितलं. याच पलटणीनं १८४० मध्ये बलुचिस्तानात काहूनचा किल्ला वेढ्यात महिनोन्महिने धरून ठेवला. त्या पराक्रमाबद्दल पुढच्या वर्षी जे मिळालं ते ‘लाइट इन्फंट्री’ हे बिरुद, रीतसर, हुकूम काढून. शिपायांच्या तोंडी काय राहिलं? नंबर आणि कापडाचा रंग. आमच्या पहिल्या बटालियनच्या ‘जंगी पलटण’ या नावात लढाई आहे हे कबूल. १७६८ पासूनची पलटण आहे, तिच्याशी मी कुठे भांडू?

राहिला चार वर्षांच्या पोरांचा मुद्दा. नावाला चार वर्षं लागत नाहीत, मला सहा दिवस पुरले. आमच्या गल्लीतला एक मुलगा अग्निवीर होऊन पहिल्या सुट्टीवर आला. त्याच्या आईनं मला कट्ट्यावर गाठून विचारलं, ‘मेजर, ह्याला मित्रांचे फोन येतात, स्पीकरवर सगळे ‘टोपलं’ म्हणतात. कशाला म्हणत असतील हो?’ पोरगा तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला, हसला आणि सायकल काढून गेला.

मी आईला म्हणालो, असंच म्हणतात, काही विशेष नाही. माझ्या घरी ‘होयकी’चा अर्थ कळायला अकरा वर्षं लागली होती, तोसुद्धा सुकटनं फोडला म्हणून.