कपाटाची किल्ली खिशात होती

सकाळी सकाळी दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कोट घातलेला माणूस, मागे पुस्तकांचं शेल्फ, आणि हातवारे करत सांगतोय की सोमवारी सकाळी उठावंसं वाटत नसेल तर समजा, नोकरी बदलायची वेळ झाली. अरे बाबा, सोमवारी कुणाला उठावंसं वाटतं? माझ्या आजोबांना रोज पहाटे गोठ्यात जायची हौस होती का? म्हैस हंबरायची म्हणून उठायचे. एवढ्यावर लोक नोकऱ्या सोडायला लागले तर चाकण चौकातलं ट्रॅफिक एका दिवसात सुटेल.

दुर्लक्ष करणार होतो. दाजी स्वतःही न बघताच फॉरवर्ड करतात. पण दुपारी भाच्याचा फोन आला. हिंजवडीत आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, अडीच वर्षं झाली. "मामा, पेपर टाकू का?" म्हणजे राजीनामा देऊ का. म्हटलं, कंटाळा आलाय? आलाय म्हणे. पगार? ठीक आहे. साहेब? तोही ठीक आहे. मग का कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, "न तपासता पास मारायला लागतं का रे?"

पलीकडे गप्प. मग म्हणाला, "रिलीजच्या आदल्या रात्री सगळेच मारतात, मामा."

त्या 'सगळेच'वर माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नाही फिरलं. म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, सांभाळून घ्या.

२००९ चा ऑगस्ट. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला होतो. नाव घेत नाही, जुने दोस्त ओळखतील. दुचाकीच्या मागच्या फोर्कमध्ये बसणारा एक बुश, म्हणजे छोटी नळी, आम्ही बनवायचो. बोअर, म्हणजे आतलं भोक, सोळा मिलिमीटर, त्यावर सूट फक्त १८ मायक्रॉन. डोक्यावरचा केससुद्धा तेवढ्यात मावत नाही. बोअर मोठं निघालं की मागचं चाक हलायला लागतं, एवढं समजलं तरी पुरे. माल निघायच्या आधी पाच पीस बोअर गेजने मोजायचे, रीडिंग पीडीआय रिपोर्टवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर, लिहायची, सही ठोकायची, मग टेम्पो हलायचा.

त्या दिवशी टेम्पो गेटवर उभा. सुपरवायझर दारातूनच ओरडला, "रिपोर्ट दे रे, गाडी थांबलीय!" मी दिला. १६.००८, १६.०११, १६.००६, १६.०१२, १६.००९. सही केली. चहा प्यायलो.

संध्याकाळी आळंदीच्या बसमध्ये तिकिटाला सुट्टे काढायला खिशात हात घातला आणि किल्ली हाताला लागली. गेज ठेवायच्या कपाटाची. ती दिवसभर माझ्याच खिशात होती, आणि ते कपाट मी सकाळपासून उघडलंच नव्हतं.

आता खरं सांगतो, खोटी रीडिंग लिहायची ती काही पहिली वेळ नव्हती. पहिल्या वर्षी असंच एकदा दबावाखाली लिहिलं होतं, तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही. टूलरूममधल्या तात्यांना जाऊन सांगितलं. देवमाणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहिलंस ना, झालं. पण पाचही आकडे एकसारखे लिहीत जाऊ नकोस, ऑडिटरला लगेच कळतं." आणि मी शिकलो हो! आकडे थोडे खालीवर करायचे, एखादा वरच्या टोकाजवळ न्यायचा म्हणजे खरा वाटतो. दुपारच्या रिपोर्टला पेन बदलायचं. या कलेत मी चांगला होतो, हे लिहिताना आज अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कान गरम झालेत.

पहिल्या वर्षी झोप उडाली होती. त्या ऑगस्टात मात्र किल्ली हाताला लागली नसती तर मला कळलंसुद्धा नसतं. वेळ झाली म्हणतात ती ही. कोटवाल्या माणसाच्या यादीत हे नाही. पगार कमी आहे, साहेब खडूस आहे, प्रमोशन दिलं नाही, हे सगळं भांडून, चिडून, रजा टाकून निभावता येतं. हात आपोआप चालायला लागला की भांडायचं कुणाशी?

आणि मग मी काय केलं? शहाण्यासारखा राजीनामा दिला? छे. दहा महिने तिथेच राहिलो.

कारण नोकरीला चार वर्षं दोन महिने झाले होते. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेला, तेव्हा १९७२ च्या कायद्याने पाच वर्षं लागायची, कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही झोपेत विचारा. बेसिक साडेसहा हजार. भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५. अठरा हजार सातशे पन्नास. पासबुकाच्या मागच्या पानावर हा हिशोब मी इतक्यांदा केला की कागद फाटायला आला होता. जणू दर वेळी उत्तर वाढणार होतं! त्यात २००८ च्या शेवटची मंदी डोळ्यांसमोर होती. गाड्यांच्या मोठमोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस कारखानेच बंद ठेवले, आमच्याकडे मशीन पुसत बसायची वेळ आली होती. आणि घरी जो तो म्हणायचा, पक्की नोकरी कुणी सोडतं का? पक्की! त्या दहा महिन्यांत दिवसाला दोन-तीन रिपोर्ट लिहिले. सगळे खोटे नव्हते. पण कुठले खरे, हे तेव्हाही मला सांगता आलं नसतं. ते बुश कुठल्या गाड्यांत बसले, कोण त्या गाड्यांवर बायकोपोरं घेऊन फिरलं, देव जाणे. घाटात पुढे जुनी मोटरसायकल दिसली की अजून माझी नजर मागच्या चाकावर जाते.

हो, घराचे हप्ते असतात, आईबापांची औषधं असतात, मान्य. आमच्या लाइनवरच्या कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना तर नोकरी बदलू का असा प्रश्नच परवडणारा नव्हता. आणि दुसरीकडे सगळे हरिश्चंद्र बसलेत असंही नाही, तेही मान्य. पण नव्या कंपनीत पहिल्याच महिन्यात मी एक लॉट अडवला, साहेबाने आईवरून शिवी दिली, आणि टेम्पो रिकामा परत गेला. शिवी खाऊन घरी आलो आणि ताणून झोपलो.

ग्रॅच्युइटी मिळाली, वेळेवर मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. त्यातून फ्रिज घेतला. आमचा पहिला. अजून चालतोय, फक्त दाराचं रबर एकदा बदललं. मघाशी हे सगळं बायकोला वाचून दाखवलं तर म्हणते, "तुम्ही स्वतःला काय हव्या त्या शिव्या घाला, माझ्या फ्रिजला नावं ठेवू नका. त्या उन्हाळ्यात पोराला कांजिण्या होत्या, बर्फ कुठून आणला असता?" आता यावर काय बोलणार. गप्प बसलो. तिचंही खरं आहे.

भाच्या, तुला दोन गोष्टी फोनवर सांगायच्या राहिल्या. दुसरी ऑफर हातात आल्याशिवाय पेपर टाकू नकोस, तुमचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असतो. आणि पीएफ काढून मोबाइल घेऊ नकोस, ट्रान्स्फर कर. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच राहतो. पेन्शनला एकूण दहा वर्षं लागतात, तुझी ही अडीच त्यात धरली जातील. पंचविशीत पेन्शनचं काय घेऊन बसलाय मामा, असं वाटेल. वाटू दे.

आणि ताई, तू हे वाचणार आहेस. लग्न जमेपर्यंत हलू नको, बायोडेटात कंपनीचं नाव चांगलं दिसतं, असं तू त्याला सांगितलंयस म्हणे. बाप तिकडे नोकरी सोडायचे व्हिडिओ टाकतो, आई म्हणते हलू नको, पोराने जायचं कुठे? चिडून लिहीत नाहीये. मीही अठरा हजारांसाठी थांबलोच होतो, तू तर पोराच्या संसारासाठी म्हणतेयस. पण आज रात्री जेवताना त्याला एकदा विचार, रिलीजच्या आदल्या रात्री तुम्ही नेमकं काय करता रे? काही बोलला नाही तर मागे लागू नकोस. भाकरी वाढ, आणि मग मला फोन कर. मी जागा आहे.