आकड्यांत कोन मोजायचे तर सगळे मोजा

आमच्या परळच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते चित्र पुन्हा येऊन पडलं. दर दोन-तीन वर्षांनी येतंच. इंग्रजी आकडे सरळ रेघांनी काढलेले, कोपऱ्याकोपऱ्यात लाल ठिपके, आणि खाली मजकूर: ‘एकात एक कोण, दोनात दोन, नवात नऊ, शून्यात एकही नाही! अरब व्यापाऱ्यांनी कोण मोजूनच आकडे बनवले. शाळेत हे शिकवत नाहीत.’ चौथ्या मजल्यावरच्या काकांनी हात जोडलेले तीन इमोजी टाकले. सहावीतल्या भाचीने मला विचारलं, “मावशी, खरंय का गं?”

नाही, खरं नाही. (‘कोण’ या शब्दावर कुरकुरणार होते, पण आपण त्रिकोणात ण लिहितो आणि चौकोनात न. सोडून दिलं.)

‘एकात एक कोन.’ कोन म्हणजे एका शिरोबिंदूतून निघालेल्या दोन भुजा आणि त्यांच्यामधलं वळण. कोपरा एकच असला तरी तिथे वळणं दोन होतात, एक आतून आणि एक बाहेरून. आतला ९० अंशांचा काटकोन असेल तर बाहेरचा २७० अंशांचा प्रविशालकोन. म्हणजे एकाच्या टोपीशी लघुकोन आहे तसा प्रविशालकोनही आहे. एकात दोन झाले की! बरं, १८० अंशांहून लहान तेवढेच मोजू, एवढी सवलत दिली. तरी चार हातचा जातोच. चित्रातल्या चाराची उभी दांडी आडव्या रेघेला छेदून खाली उतरते. दोन रेघा छेदल्या की विरुद्ध कोनांच्या दोन जोड्या होतात, म्हणजे तिथेच चार कोन. वरच्या टोकाचा एक, डावीकडचा एक. एकूण सहा. लाल ठिपके मात्र चारच. दोन कोन कुठे गेले, ते चित्र काढणाऱ्यालाच माहीत.

‘नवात नऊ.’ ही खरी गंमत. चित्रातल्या नवाची शेपटी जिलबीसारखी आत-आत वळवली आहे आणि सातालाही मधे आणि तळाशी जादा रेघा जोडल्या आहेत. असा नऊ कुणी कधी लिहिलेला पाहिलाय? सरळ रेघांचे आकडे हवेत तर आमच्या लिफ्टमध्ये या. सात लाल पट्ट्या उजळून आकडा दिसतो, तसलं साधं यंत्र आहे. भाचीला वही-पेन्सिल देऊन मी वर-खाली दोन फेऱ्या मारल्या. नियम फॉरवर्डचाच, १८० अंशांहून लहान कोन मोजायचे. दोनात चार निघाले, तिनात चार, पाचातही चार. चारात तीन. सहात सहा, हे जमलं. सातात एक. आठात आठ, हेही जमलं. एक म्हणजे नुसती उभी काठी, तिथे काहीच नाही. आणि नऊ म्हणजे उलटा केलेला सहा, त्यामुळे त्यातही सहाच! आकडा उलटा केला म्हणून कोन वाढत नाहीत, हे भाचीनेच सांगितलं. ती जिलबी का लागली ते आता कळलं असेल. चित्रातल्या पाचाच्या पोटाखाली वळवलेली जादा रेघही त्याचसाठी. म्हणजे उत्तर आधी ठरवायचं आणि रेघा मागाहून ओढायच्या.

‘अरबांनी बनवले.’ मुंबईहून कल्याण, मुरबाड करत माळशेजच्या वाटेवर वैशाखरे लागतं, तिथून वर चढलं की नाणेघाट. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, २,००० वर्षांहून जुना. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, यांची यादी आणि पुढे आकडे. मुंबईत राहून काम करणाऱ्या भगवानलाल इंद्रजींनी १९व्या शतकात या आकड्यांचा अभ्यास केला. ब्राह्मीत एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन, तिनाला तीन. मोजल्या त्या रेघा. एकमेकींपासून सुट्या समांतर रेघांत कोन येणार कुठून? घाईघाईत लिहिताना हात न उचलता त्या जोडल्या गेल्या, आणि त्यातूनच आपले २, ३ आणि इंग्रजीतले दोन-तीनही आले. अशोककाळचा चार अधिकच्या चिन्हासारखा आहे, त्यात चार काटकोन आहेत, हे मात्र कबूल. पण फॉरवर्डमधला चार तसा नाही.

अरबांनी हे आकडे पुढे नेले, हे खरं. ९व्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाने भारतीय पद्धतीच्या गणनेवर पुस्तक लिहिलं. १२०२ मध्ये इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञाने ते आकडे युरोपला समजावले, तेही भारतीयांचे म्हणूनच. आणि अरबी लिपीतला आजचा पाच पाहा, नुसता गोल. ज्यांनी म्हणे कोन मोजून आकडे घडवले, त्यांच्याच पाचात एक कोन नाही!

‘शाळेत शिकवत नाहीत.’ बरंच आहे.

राहिलं शून्य. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात सन ८७६ च्या लेखात २७० हा आकडा आहे, त्यातलं शून्य छोटंसं वर्तुळ. त्यात कोपरा नाही, हे बरोबर. पण ‘शून्य कोन’ म्हणजे कोन नसणं नव्हे. दोन्ही भुजा एकमेकींवर पडल्या की होणारा ० अंशांचा कोन, तो शून्य कोन. भाचीने हे काकांना लिफ्टमध्येच समजावलं. तळमजला आला होता. आमची लिफ्ट तिथे शून्य दाखवते, चार काटकोनांचं.